फणसाच्या पाटाचा डाव

आमचा गणपती ह्या वर्षी कुणाच्या घरी बसायचा ते पत्त्यांवर ठरलं. मीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणी सांगितलं तर माझ्या अब्रूचा विचार करणार नाही, आणि माझ्या मुलांनी सांगितलं तर खरं सांगणार नाहीत.

आमच्यात गणपती म्हणजे पाट. मूर्ती दर वर्षी नवी, पाट तोच. फणसाच्या लाकडाचा, सासऱ्यांनी गावात करून घेतलेला, कोपरे झिजून गोल झालेले. आषाढ संपायच्या आत तो भांडुपला गणपतीच्या शाळेत पोचवायचा, मग मूर्तिकार त्यावर मूर्ती घडवतो. पाट ज्याच्या घरून गेला, गणपती त्याच्या घरी येतो. आमचे हे (सीताराम त्यांचं नाव, आता नाव घ्यायला लाजायचं वय राहिलं नाही) गिरणीत होते तेव्हा पाट लालबागच्या खोलीतून जायचा. गिरणी बंद पडली, आम्ही नाहूरला आलो, पाट नाहूरहून जायला लागला. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. पाट माझ्या कपाटावर आहे. पाच दिवसांचा गणपती, शंभर माणसांचा राबता, भजनी मंडळाला काळ्या वाटाण्याची उसळ, आणि सगळ्याच्या मधोमध मी.

गेल्या थंडीत माझा गुडघा बदलला. डॉक्टरांनी लोखंड पायात बसवलं, पण माझ्या मुलांना वाटलं डोक्यातही काही काढघाल झाली. थोरला चंद्रप्रकाश गोरेगावला असतो, धाकटा हर्षद मुलुंडला. दोघांनी एकाच आठवड्यात फोन केले. आई, तुला आता झेपणार नाही, गणपती माझ्याकडे आणूया. शब्दसुद्धा तेच. मी दोघांना सांगितलं, मी आहे तोवर पाट हलणार नाही. तर चंद्रप्रकाश म्हणाला मी थोरला, माझा हक्क. हर्षद म्हणाला माझा हॉल मोठा, आणि लिफ्ट दोन. मग हे त्यांनी नातेवाइकांनाही सांगितलं, त्यामुळे गावाहून फोन यायला लागले, काय जानकी, यंदा कुठे यायचं?

पाट गेला की काय होतं ते मला ठाऊक आहे. माझ्या नणंदेचं झालेलं बघितलंय. पाट सुनेच्या घरी गेला आणि हिला आपल्याच गणपतीसमोर प्लास्टिकची खुर्ची मिळाली. येणारी-जाणारी पाया पडतात आणि विचारतात, चहा घेणार का? चहा विचारणारी बाई मी, मला कुणी चहा विचारायचा नाही.

तोडगा काढला श्रुतिकाने. ही चंद्रप्रकाशची मुलगी, वांद्र्याला त्या मोठ्या काचेच्या इमारतींत नोकरीला. तिथे दर शुक्रवारी ऑफिसातली पोरं बिस्किटं लावून पोकर खेळतात. ती म्हणाली, आजी, एका टेबलाचा झटपट डाव लावू. सगळ्यांना सारखी बिस्किटं. ज्याची संपली तो उठला. शेवटी एकच उरतो. दीड तासात निकाल, तीन महिने भांडण कशाला.

मुलं हसतील असं मला वाटलं होतं. पण चंद्रप्रकाश लगेच म्हणाला, चालेल. हर्षदही म्हणाला, चालेल. जे दोघं रिक्षाचं भाडं कुणी द्यायचं ह्यावर अर्धा तास घालतात, ते एका दमात हो म्हणाले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी त्या वेळी माझ्याच विचारात होते. पत्ते मला नवे नाहीत. लालबागच्या खोलीत मेंढीकोटला माझा जोडीदार व्हायला शेजारणी भांडायच्या.

दिवस ठरला गटारीचा रविवार, सगळे तसेही कोंबडी-वडे खायला माझ्याकडेच येतात. श्रुतिकाने नियम केला, प्रत्येक घरच्या दोन जागा, नवरा आणि बायको. गोरेगावचे चंद्रप्रकाश आणि अनुपमा. मुलुंडचे हर्षद आणि माधुरी. नाहूरची मी. माझी दुसरी जागा भिंतीवर हार घालून बसलेली. मग मीच म्हटलं, लताला बसवा माझ्या बाजूने.

लता माझी मधली, घाटकोपरला दिलेली. सकाळी आठ वाजताच आली होती आणि ओट्याशी उभी राहून वडे थापत होती. ती दर वर्षी असंच करते. गणपतीच्या आदल्या दिवशी येते, मखर लावते, मोदक वळते, भांडी घासते, आणि विसर्जन झालं की रिकामा डबा घेऊन घरी जाते. तिच्या सासरचा गणपती गावाला दिराकडे. त्या दिराशी जमिनीवरून वाजलं तेव्हापासून लताला आणि तिच्या नवऱ्याला बोलावणं नाही. एकदा तिने मला विचारलं होतं, आये, एक वर्ष पाट माझ्याकडे आणू? मी म्हटलं, लग्न झालेल्या मुलीकडे बापाचा गणपती जातो का कधी? तुझं घर आता तिकडे. तिने परत विचारलं नाही. मलाही ते बरं वाटलं. एकदा सांगितलेलं कळणारी मुलगी.

जेवणं झाली. चादर घातली, मधे श्रुतिका बसली पत्ते वाटायला. बिस्किटं लावून खेळायला आम्ही काय लहान मुलं नाही, म्हणून मी चिंचोके काढले. प्रत्येकाला तीस. मी यांच्या फोटोसमोर उदबत्ती लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शेवटी जो बसलेला उरेल त्याच्या घरी पाट जाईल. मग कुणी तोंड उघडायचं नाही. मीसुद्धा नाही." मीसुद्धा नाही हे मी मोठेपणा म्हणून घातलं होतं. पुढे तेच माझ्या गळ्यात आलं.

खेळ साधा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून. मधे पाच पत्ते उघडे येतात, ते सगळ्यांचे. जोडी लागली, तीन लागले, ज्याचं मोठं त्याचं. पण पत्ते बघायच्या आधीच आळीपाळीने दोघांनी चिंचोके मधे ठेवायचे. त्याला इंग्रजी नाव आहे, मी त्याला सक्ती म्हणायला लागले. आणि दर दहा मिनिटांनी ही सक्ती दुप्पट होते.

श्रुतिकाने मला आधी दोन रविवार शिकवलं होतं. शिकवते छान, चौथी नापास आजीला कळेल असं. ती म्हणाली, सुरुवातीला सक्ती लहान असते आजी, तेव्हा गप्प बसायचं. चांगला हात आला तरच हात घालायचा. बाकीचे उतावीळ असतात, एकमेकांना बाहेर काढतात, काढू दे. पण सक्ती वाढली की गप्प बसणारा मरतो. चांगला पत्ता येईल येईल म्हणत बसलं की न खेळताच चिंचोके जातात. आपल्याकडे दहा सक्त्यांपेक्षा कमी उरलं की दोनच रस्ते, एक तर पत्ते टाकून द्यायचे, नाही तर असतील नसतील तेवढे चिंचोके एकदम मधे ढकलायचे.

मी म्हटलं, हे मला तू काय शिकवतेस. गिरणीच्या संपात आम्ही दीड वर्ष चांगला पत्ता यायची वाट बघत बसलो होतो. सक्ती दर महिन्याला वाढत होती.

आणि एक गोष्ट तिने सांगितली ती मी पदराला गाठ मारून ठेवली. ढकलणारा व्हायचं, उत्तर देणारा नाही. ढकलणारा दोन प्रकारे जिंकतो. त्याचा पत्ता मोठा असला तरी जिंकतो, आणि समोरचे घाबरून उठले तर पत्ता न दाखवताच जिंकतो. उत्तर देणाऱ्याला मात्र पत्ताच मोठा लागतो.

डाव सुरू झाला. पहिली वीस मिनिटं मी पत्ते टाकतच होते. हर्षद प्रत्येक हातात घुसत होता, कधी जिंकत होता, जास्त वेळा हरत होता. चंद्रप्रकाश चष्मा पुसून पुसून विचार करत होता, जसा काही पत्त्यांचा सातबारा काढायचाय. लता पत्ते उचलायची, बघायची, बहुतेक वेळा ठेवून द्यायची. वडे थापताना असते तसा चेहरा.

पहिली उठली ती अनुपमा. सगळे चिंचोके लतासमोर ढकलले आणि पत्ते उघडले तर सत्ती आणि दुर्री. श्रुतिका म्हणाली, मम्मी, ह्या खेळात ह्याच्याइतका वाईट हात नसतो. अनुपमा म्हणाली, अगं, मला वाटलं दोन लहान पत्ते, लपून जातील. लताकडे राण्यांची जोडी होती. अनुपमा उठली आणि चहाचं आधण ठेवायला गेली, चांगली गुणगुणत. बँकेत हेडकॅशियर आहे ही बाई. मी मनात म्हटलं, ह्या बँकेत माझे पैसे नाहीत ते बरं आहे.

सक्ती चार झाली. माझ्याकडे एकोणीस उरले होते. आणि मला दोन बादशहा आले. मी श्रुतिकाने शिकवल्याप्रमाणे चेहरा तसाच ठेवला आणि सगळे चिंचोके मधे ढकलले.

एकेकाने पत्ते टाकले. माधुरीने, लताने, हर्षदने. राहिला चंद्रप्रकाश. त्याने चष्मा काढला, घातला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जाऊ दे. आईला कोण बाहेर काढणार." पत्ते फेकले. फेकताना एक उलटला, बदामाचा एक्का. त्याने पटकन हात ठेवला. पण तो माझ्या शेजारीच बसला होता, आणि पत्ते गोळा करायला मी श्रुतिकाला मदत करते म्हणून दुसरा पत्ता मी उचलला. किलवरचा एक्का.

दोन एक्के. ह्याहून मोठा हात कुणाला वाटलाच जात नाही, आणि माझ्या मुलाने तो आईसाठी टाकून दिला. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी कुणाला काही बोलले नाही. त्याच्या ताटात शेवटचा वडा मी ठेवला नव्हता, हर्षदला दिला होता, त्याचं मला वाईट वाटलं.

त्यानंतर मला खेळाची नस सापडली. मी काहीही येवो, ढकलायला लागले. गुलाम-पंजी आली, ढकललं. दश्शी-चव्वी आली, ढकललं. एकालाही माझे पत्ते बघायचे नव्हते. श्रुतिका गालात हसत म्हणाली, "आजी, तुझ्यासारखा धाक आमच्या ऑफिसात कुणाचा नाही. तुला पत्ते वाटायचीसुद्धा गरज नाही." मी म्हटलं, पन्नास वर्षांची मेहनत आहे ती.

खोटं नाही सांगत. घरात मी हेच करत आले. ह्यांना मी म्हटलं नाहूरलाच घर घ्यायचं, तेव्हा माझ्याकडे कसली माहिती होती? आवाज होता. दोन्ही सुनांना म्हटलं मोदक असेच होतात, तेव्हा मी स्वतः मोदक एका शेजारणीकडून शिकले होते, लग्नानंतर चार वर्षांनी. कुणी विचारलं नाही, तुझ्या हातात काय आहे बघू.

इकडे एक गंमत चालली होती, ती मला तेव्हा दिसली नाही. माझ्यासमोर सगळे पत्ते टाकत होते, आणि लतासमोर सगळे चिंचोके टाकत होते. माधुरीने छक्की आणि तिर्रीवर सगळं लावलं आणि लताला देऊन उठली. ती म्हणाली मला तसंही शिफ्टला जायचंय. तिची शिफ्ट सोमवारी असते. हर्षद तर पत्ते न बघताच म्हणाला ऑल-इन, म्हणजे होते नव्हते ते सगळे मधे. लताने बघितले, हो म्हणाली, जिंकली. हर्षदने एवढा मोठा सुस्कारा टाकला की पंख्याखाली ठेवलेले चार पत्ते उडाले. शेवटी चंद्रप्रकाशने नव्वी आणि दुर्रीवर घर लावल्यासारखा चेहरा करून सगळं लावलं. तेही लताला गेलं.

मी मोजलं. लताकडे एकशे वीस, माझ्याकडे साठ. आणि चादरीवर आम्ही दोघीच.

चंद्रप्रकाश उठून उभा राहिला. "चला, नाहूर जिंकलं. आईची इच्छा. आता काय बोलणार." असं म्हणताना त्याचा एक पाय चपलेत होता. हर्षद म्हणाला, ठीक आहे बाबा, खेळ तो खेळ, पुढच्या वर्षी बघू. आतून चहाचे कप येत होते आणि कपांच्या आवाजातून अनुपमाचा आवाज आला, माधुरीला म्हणत होती, "वाचलो गं. नवीन फॉल्स सिलिंगला धुराने काळं केलं असतं. आणि पाच दिवस रजा कोण देतंय." माधुरी म्हणाली, "आमच्या सोसायटीत तर भजनाला सेक्रेटरीची सही लागते."

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. सत्ती-दुर्री दिसली. न बघता लावलेले चिंचोके दिसले. दोन एक्के दिसले. तीन महिने जे दोघं गणपतीसाठी भांडत होते, ते गणपती कुणाकडे जाऊ नये म्हणून खेळत होते. गणपती नको म्हणायची हिंमत नाही, तोंडावर हवा म्हणायचं, आणि पत्त्यांना सांगायचं तूच नाही म्हण. लता माझ्या बाजूची म्हणून तिला दिलं की मला दिल्यासारखंच. आणि मी त्या एक्क्यांवर डोळे पुसत बसले होते.

तरीही मी काही बोलणार नव्हते. पाट माझ्याकडे राहिला होता. मला तेच हवं होतं. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

"आये, बस," लता म्हणाली. "संपलं नाही."

ती जागेवरून हलली नव्हती. चिंचोके दहा दहाच्या ढिगांत लावून ठेवले होते.

"काय संपलं नाही? तू आणि मी. दोघी नाहूरच्या."

"मी नाहूरची नाही. मी घाटकोपरची. बावीस वर्षं झाली."

"माझ्या बाजूने बसलीस ना?"

"तुझ्या बाजूने बसले. घर बदललं नाही माझं." ती आवाज चढवत नव्हती. "शेवटी जो उरेल त्याच्या घरी पाट, असं तू बाबांसमोर म्हणालीस. आणि माझं घर कुठे ते तूच मला सांगत आलीस. श्रुतिका, पत्ते वाट."

श्रुतिकाने माझ्याकडे बघितलं. हर्षद हसत म्हणाला, ए ताई, पुरे आता, गंमत होती ती. चंद्रप्रकाशने चपलेतून पाय बाहेर काढला आणि म्हणाला, लता, असं नसतं, आपल्यात लेकीकडे पाट जात नाही.

तो नेमकं माझं वाक्य माझ्याच चालीत बोलला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की आपलं वाक्य कसं लागतं ते मला तेव्हा कळलं. आणि ज्याने दोन एक्के टाकून दिले त्याने मला चालीरीती शिकवाव्यात, हे मला अजिबात सहन झालं नाही.

"वाट गो," मी श्रुतिकाला म्हटलं.

आता खोटेपणा नाही. मी हरायला बसले नव्हते. पाट माझा होता, घर माझं होतं, आणि ती प्लास्टिकची खुर्ची मला समोर दिसत होती. सक्ती आठ झाली होती. साठ चिंचोके म्हणजे साडेसात सक्त्या. श्रुतिकाच्या हिशोबाने मला दुसरा रस्ताच नव्हता. पहिल्या हाताला राणी-सत्ती आली, मी ढकललं. लताने पत्ते ठेवले. दुसऱ्या हाताला गुलाम-दश्शी, मी ढकललं. तिने पत्ते ठेवले. माझे झाले श्याहत्तर. मला वाटलं, आईसमोर हिचंही तसंच. दोन-चार हात असेच गेले की हिच्याकडे काय राहणार.

तिसऱ्या हाताला मला नव्वी आणि तिर्री आली. काहीच नाही. मी श्याहत्तरच्या श्याहत्तर मधे ढकलले आणि चहाचा कप उचलला, जणू माझं काम झालं.

लताने आपले पत्ते परत एकदा बघितले. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या लहानपणी मी परीक्षेचे मार्क विचारले की ती असं बघायची नाही, खाली बघायची. आज खाली बघितलं नाही.

"दाखव," ती म्हणाली.

कप माझ्या हातातच राहिला. पंचाहत्तर वर्षांत मला हा शब्द कुणी म्हटला नव्हता. ना सासूने, ना नवऱ्याने, ना मुलांनी. मी म्हटलं, आधी विचार कर. ती म्हणाली, केला. दाखव, आये.

मी दाखवले. नव्वी आणि तिर्री, चादरीवर एवढीशी दिसत होती. हर्षद म्हणाला, "अरे देवा, आई, ह्याच्यावर?" लताने तिचे उघडले. पंजीची जोडी. तीही काही मोठी नाही. ह्या जोडीवर कुणी शहाणा उत्तर देत नाही, असं नंतर श्रुतिका म्हणाली. पण पत्ते बघून उत्तर दिलं नव्हतंच तिने. तिने मला बघून दिलं होतं.

मधे पत्ते आले. एक्का. सत्ती. तिर्री. मला तिर्रीची जोडी लागली, पण पंजीहून लहान. नव्वी हवी नाही तर आणखी एक तिर्री. राणी आली. मग शेवटचा पत्ता, दश्शी.

श्रुतिकाने माझे चिंचोके लताकडे सरकवले, अगदी हळू, आजारी माणसाला कुशीवर वळवावं तसे.

मग चंद्रप्रकाशला कंठ फुटला. वडिलांचा गणपती, तो मुलाकडेच, नातेवाईक काय म्हणतील, घाटकोपरला जागा तरी कुठे आहे. त्यापेक्षा मीच घेऊन जातो, असं मात्र तो म्हणाला नाही. मी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझे दोन एक्के सांगू का सगळ्यांना?"

त्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"कसले एक्के?" हर्षदने विचारलं.

"बदाम आणि किलवर. माझ्या बादशहांसमोर टाकले त्याने. तुझा दादा गणपती त्याच्याकडे यावा म्हणून तीन महिने माझं डोकं खात होता ना, तो."

हर्षदने भावाकडे बघितलं आणि त्याला हसू आवरेना. "दादा, तू पण?" एवढंच म्हणाला. त्या 'पण'मध्ये त्याचंही सगळं आलं. आत कपांचा आवाज थांबला होता. मी म्हटलं, बरं झालं, दोघं एकाच दिवशी एका दमात हो का म्हणालात ते कळलं. आता नातेवाइकांना फोन तुम्हीच करा. सांगा, आम्ही हरलो. तेवढं तरी खरं आहे.

कपाटावरचा पाट मी हर्षदला उतरवायला लावला. पदराने पुसला. लताच्या हातात देताना तिला म्हटलं, एका वर्षासाठी. पुढच्या गटारीला परत चादर घालायची. ती म्हणाली, घालूया. हो म्हणाली की नाही म्हणाली, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. ही मुलगी एवढी वर्षं माझ्या ओट्याशी उभी होती आणि मी हिचा चेहरा कधी वाचायला बसले नाही.

दुसऱ्या दिवशी पाट भांडुपला न्यायचा होता. लता म्हणाली, आधी घरी नेऊन बघू, कसा बसतो ते. मी म्हटलं, गणपती बसेल तिथे बसेल, बघायचं काय. तरी मी रिक्षात चढले. पाट मांडीवर मी घेतला, तिच्याकडे दिला नाही.

लताचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळचा कोपरा रिकामा. त्या कोपऱ्यावरून मी तिला किती वर्षं बोलतेय. अगं, इथे फ्रीज ठेव, तो बिचारा मोरीशेजारी गंजतोय. शिवणयंत्र ठेव. निदान एक स्टूल ठेव. ती दर वेळी म्हणायची, बघते आये. तिचा नवरा नंदकुमार तर त्या कोपऱ्याला वळसा घालून चालतो, जसं काही तिथे कुणी बसलंय.

लताने माझ्याकडून पाट घेतला आणि तिथे खाली ठेवला. भिंतीपासून दोन्ही बाजूंना दोन दोन बोटं उरली. समईला पुढे जागा. मागे मखराला बरोबर एक वीत.

माप तिने कधी घेतलं होतं, ते मी विचारलं नाही. नंदकुमार चहा घेऊन आला आणि मला म्हणाला, आई, चहा घेणार ना? मी घेतला. मग त्या कोपऱ्याकडे बघत लताला म्हटलं, "भिंतीला पोपडे आलेत इथे. चतुर्थीच्या आधी रंग लावून घे."